सबवूफर बदलण्याआधी तारा तपासा

जुनी गाडी घेताना व्यापारी इंजिन पाहतो, टायर पाहतो, कागदपत्रे पाहतो. डिकीत किंवा सीटखाली कंपनीनेच बसवून दिलेला सबवूफर सहसा कोणी पाहत नाही. चार महिन्यांनी तो फडफडू लागतो, नाहीतर एक दिवस गप्प होतो. मग मालक शहरातल्या दुकानात जातो, दुकानदार पाच मिनिटे कान लावतो आणि म्हणतो, "शेठ, हा गेला. नवीन सेट टाका." आमचे म्हणणे असे की, या पाच मिनिटांच्या निदानावर खिसा रिकामा करू नये.

आम्ही गडबचे. मुंबई-गोवा महामार्ग आमच्या दारावरून जातो. पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा चौपदरी करण्याचे काम २०११ साली निघाले आणि दहा वर्षे उलटली तरी पुरे झाले नाही. त्या काळात मंगळदास मार्केटातून कापडाचे गठ्ठे घेऊन येणाऱ्या गाड्यांचे नटबोल्ट या रस्त्याने ढिले केले. वर धरमतरच्या खाडीची खारी, दमट हवा. या दोन गोष्टी सबवूफरच्या दुश्मन आहेत. धक्क्याने जोड सुटतात, दमट हवेने तारेच्या टोकाला गंज चढतो. पावसाळ्यात डिकीचे रबर गळले की पाणी स्टेपनीच्या खोलगटात साचते, आणि बऱ्याच गाड्यांत अँप्लिफायर नेमका त्याच्याच आसपास बसवलेला असतो.

आता सबवूफर म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. मागे चुंबक, त्याच्या फटीत तांब्याच्या तारेची कॉईल, कॉईलला चिकटलेला कागदाचा किंवा प्लास्टिकचा कोन, आणि कोनाच्या कडेला फोमची किंवा रबराची रिंग. कॉईल मधोमध धरून ठेवणारी नालीदार चकती असते, तिला कारागीर स्पायडर म्हणतात. कापडवाल्या भावांनी ती एकदा हातात घेऊन पाहावी. ती बहुधा राळ पाजून कडक केलेले विणलेले कापडच असते! या सगळ्यांत सर्वांत आधी जाते ती फोमची रिंग. दमट हवेत फोम आतून कुजतो आणि बोट लावले की भुगा होतो. कोन, कॉईल, चुंबक शाबूत असतात, तरी आवाज फाटतो. म्हणजे शाल चांगली, फक्त काठ उसवलेला. अशी शाल कोणी फेकत नाही, रफूगराकडे देतो.

तपासणी कोणीही करू शकेल. आधी फ्यूज पाहा. मग अँप्लिफायरची अर्थची तार जिथे पत्र्याला कसली आहे तिथला गंज घासून पुन्हा कसा. एवढ्याने भागले नाही तर सबवूफरच्या तारा सोडवून पेन्सिल सेलची दोन टोके क्षणभर त्याला लावा. कोन हलून 'धप' आवाज आला तर कॉईल जिवंत आहे. मल्टीमीटर असेल तर चार ओहमच्या कॉईलवर साधारण तीन-साडेतीन आकडा दिसतो. काहीच दिसले नाही तर तार तुटली, जवळजवळ शून्य दिसले तर कॉईल जळून आतल्या आत जुळली. शेवटी दोन्ही हातांची बोटे पसरून कोन समान दाबा. खरखर लागली तर कॉईल चुंबकाला घासते आहे. दहा मिनिटांचे काम आहे.

आमच्या ओळखीतल्या एका व्यापाऱ्याला एका मोठ्या दुकानाने सबवूफर, अँप्लिफायर आणि वायरिंग असा पूर्ण सेट विकला. जुना माल दुकानातच राहिला. महिन्याभरात नवाही बंद पडला. दोष डिकीतल्या गंजलेल्या अर्थमध्ये होता. जुना सबवूफर चांगला होता की नाही, हे आता कोण सांगणार?

फोम गेला असेल, स्पायडर सैल झाला असेल किंवा कॉईल जळली असेल, तरी रिकोनिंग होते. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या परिसरात स्पीकर दुरुस्तीचे जाणते हात आजही सापडतात. गणपती आणि लग्नसराईत डीजेवाल्यांचे मोठे स्पीकर दुरुस्त करणारा उस्ताद गाडीचा आठ इंची सबवूफरही करू शकतो. मात्र कॉईल जळलेली निघाली तर ती का जळली हे आधी विचारावे. अँप्लिफायर बिघडून सरळ बॅटरीचा करंट स्पीकरला देत असेल, तर नवी कॉईलही त्याच वाटेने जाईल.

बदलण्याची वेळ कधीकधी खरोखर येते. चुंबक सरकला, लोखंडी सांगाडा वाकला किंवा मापाची कॉईल मिळेना, तर हट्ट करू नये. पण कंपनीच्या सबवूफरची मापे बाजारातल्या मालाशी पुष्कळदा जुळत नाहीत. कुठे दोन ओहम असतो, कुठे एकाच कोनावर दोन कॉईल. कमी ओहमचा लावला तर अँप्लिफायर तापून जातो, जास्त ओहमचा लावला तर आवाज दबतो. चुंबकाची खोली, खोक्याचे माप, सारे जुळायला हवे. नवा अँप्लिफायर घेतलाच तर बॅटरीजवळ फ्यूज हवाच. तो नसताना पॉझिटिव्ह तार पत्र्याला घासली, तर आग लागायला वेळ लागत नाही.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात पुष्कळदा सुटा भाग मिळत नाही, अख्खे खोकेच घ्या म्हणतात. सुट्या भागांची ही अडवणूक सरकारदरबारीही पोहोचलेली आहे. बाहेरच्या गॅरेजवाल्यांना सुटे भाग आणि माहिती मिळू देत नाहीत म्हणून स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले ते वेगळे. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या कक्षेत मोटारगाड्याही घेतल्या. हक्क कागदावर येतो आहे, पण दुरुस्ती करणारा हातच उरला नाही तर तो हक्क घेऊन जायचे कोणाकडे?

आणि हात का उरत नाही? कारण गिऱ्हाईक माल घेताना पैसे मोजतो, तपासणीचे मोजत नाही. उस्तादाने अर्धा तास मीटर लावून "तुमचा सबवूफर ठीक आहे, अर्थ गंजला होता" असे सांगितले, तर लोक "एवढ्याचे काय पैसे?" म्हणून उठतात. नवा सेट विकला असता तर त्याची कमाई झाली असती. खरे बोलणाऱ्याला आपणच तोट्यात ढकलतो आणि मग दुकानदाराच्या नावाने खडे फोडतो. डॉक्टरला नाडी पाहण्याचे पैसे देतो, तसे इथेही ठरवून द्यावेत. दुरुस्ती न निघाली तरी द्यावेत.

कारागीर भावांनीही तपासणीचा दर दुकानात पाटीवर लिहावा, मीटरवर आलेला आकडा बिलावर टाकावा आणि काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा.