बुजऱ्या कुत्र्याला थोरला सोबती द्या

रस्त्यावरून किंवा निवाऱ्यातून आणलेलं कुत्रं पलंगाखालून बाहेरच येत नाही, मिक्सर लागला की थरथरतं, हात पुढे केला की भिंतीला चिकटतं. अशा घरांना माझं कळकळीचं सांगणं आहे: त्याला ओढून बाहेर काढू नका, बळेच मांडीवर घेऊ नका. माणसांवर विश्वास असलेलं एखादं शांत, थोरलं कुत्रं त्याच्यासमोर वावरू द्या.

पिल्लाचे साधारण तिसऱ्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचे दिवस जगाची ओळख करून घेण्याचे असतात. त्या दिवसांत ज्याला माणसाचा हात लाभलाच नाही, किंवा त्या हातातला दगडच दिसला, त्याला तुमचं लाडानं बोलणंही धास्तीचं वाटतं. दुसऱ्या कुत्र्याचं वागणं मात्र त्याला नेमकं कळतं. थोरलं तुमच्या हातून पोळीचा तुकडा घेतं, शेपटी हलवतं, तुमच्या पायाशीच अंग टाकतं. पलंगाखालचे डोळे हे सगळं टिपत असतात. आधी नुसती मान लांब होईल. मग कधीतरी एक पाय बाहेर येईल. त्या वेळी टक लावून बघू नका, वाकून डोक्यावर हात ठेवू नका. जमिनीवर तुकडा ठेवा आणि आपली भाजी निवडत बसा.

पण म्हणून लगेच दुसरं कुत्रं घरी आणू नका. आधी ओळखीतल्या कुणाचं तरी बोलवा. सोबतीही भित्रा निघाला, तर दोघं मिळून जास्त घाबरतात; अंगावर उड्या मारणारं दांडगट पिल्लूही नको. दोघांचं लसीकरण झालेलं असावं. नव्या कुत्र्याला पहिले दोन आठवडे वेगळंच ठेवा, कारण पार्व्होसारख्या आजाराची लक्षणं उशिरा दिसू शकतात.

पहिली गाठ घरात घालू नका. मोकळ्या मैदानात दोघांना अंतर राखून एकाच दिशेनं चालवा, पट्टे सैल ठेवा. घाबरलेलं कुत्रं मागे सरकून गळपट्ट्यातून मान काढून घेतं आणि सुसाट पळतं, म्हणून त्याला अंगाला नीट बसणारा हार्नेस हवाच. शेपटी पोटाशी गेली, ते सारखं ओठ चाटू लागलं, जांभया देऊ लागलं, तर तेवढ्यावर थांबा. खाण्याची भांडी कायम वेगळी, लांब ठेवा.

थोडा वेळ बुजऱ्याला एकट्यालाही फिरवा, नाहीतर ते सोबत्याशिवाय पाऊलच टाकणार नाही. आणि तुम्ही बाहेर पडताच ते आकांत करत असेल, तर दुसऱ्या कुत्र्यानं तो बहुधा थांबत नाही. त्यासाठी पशुवैद्यांना भेटा.

ज्यांच्या घरी असं शांत कुत्रं आहे, त्यांनाही विनंती आहे. तुमच्या सोसायटीत कुणी नवं कुत्रं दत्तक घेतलं असेल, तर संध्याकाळच्या फेरीला त्यांनाही हाक मारा.