टाकीत ओतलेले तेल

आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ पासून बाहेर पडू लागलेली ‘चेतक’ स्कूटर मावळातील कित्येक कुटुंबांचे पहिले वाहन ठरली. तिच्यात पेट्रोल भरताना लिटरमागे सुमारे २० मिलिलिटर तेल मिसळावे लागे. त्या टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचा वेगळा साठा नव्हता; पेट्रोलमधले तेलच बेअरिंग आणि पिस्टन यांना वंगण पुरवी. तेल विसरले की पिस्टन जाम होई. ‘टाकीत तेल घातले की इंजिन टिकते’ हा समज असा अनुभवातून घरोघरी रुजला.

वाहने बदलली, समज राहिला. फोर-स्ट्रोक दुचाकीच्या किंवा डिझेल टेम्पोच्या टाकीत टू-स्ट्रोक तेल वा ‘माइलेज वाढवणारे’ द्रव्य ओतण्याची सवय आजही आढळते. फोर-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल खालच्या स्वतंत्र साठ्यातून फिरत असते. पेट्रोलबरोबर आलेले तेल केवळ जळते आणि स्पार्क प्लगवर काजळी धरते.

डिझेलविषयीची शंका अधिक रास्त आहे. डिझेलचा पंप आणि इंजेक्टर यांना वंगण डिझेलमधूनच मिळते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आले आणि गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर उतरली. गंधक काढताना डिझेलचा नैसर्गिक वंगणगुणही घटतो, हे खरे. मात्र तो भरून काढणारे द्रव्य पंपावर येण्यापूर्वीच मिसळलेले असते. चाचणीत पोलादी गोळीवर पडणारा झिजेचा व्रण ४६० मायक्रॉनहून मोठा नसावा, असे भारतीय मानक सांगते. वरून ओतलेल्या तेलात धातुयुक्त घटक असतील, तर त्यांची राख धूर गाळणाऱ्या फिल्टरमध्ये साचते. ती जळून जात नाही. त्या फिल्टरचा खर्च बाटलीच्या किमतीच्या कितीतरी पट असतो.

मग काहींना माइलेज वाढलेले का दिसते? वडगावहून पनवेलकडे निघालेली गाडी लोणावळ्याच्या सुमारे ६२० मीटर उंचीवरून बोरघाट उतरते. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की आधुनिक इंजिन उतारावर इंधन जवळजवळ बंदच करते. ते श्रेय बाटलीला मिळते. परतीचा चढ कोणी मोजत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक साधने व द्रव्ये तपासली. लक्षणीय बचत एकातही आढळली नाही.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यावर माइलेज थोडे उतरले, ही तक्रारही निराधार नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच सुमारे एक तृतीयांश कमी असते. ती उणीव तेलाच्या थेंबांनी भरून निघत नाही.

बचत हवी असेल तर टायर थंड असताना हवेचा दाब तपासावा, एअर फिल्टर स्वच्छ ठेवावा, वेग एकसारखा राखावा आणि टाकी पूर्ण भरून, जातायेता दोन्ही वेळा हिशेब करावा. गाडीच्या पुस्तिकेत न सांगितलेले काहीही टाकीत ओतू नये. अंगणात अजून एखादी चालती टू-स्ट्रोक स्कूटर असेल, तर तिच्या पेट्रोलमध्ये मात्र ठरलेल्या मापाने तेल अवश्य घालावे. तिला त्याची खरोखरच गरज आहे.