'टॉप फाइव्ह'मध्ये न बसणारा १४ एप्रिल

दुसऱ्या महायुद्धाच्या 'टॉप फाइव्ह टर्निंग पॉइंट्स'चा एखादा व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये येऊन गेला असेल. यादी बहुतेक ठरलेली असते. मिडवे, एल अलामीन, स्टॅलिनग्राड, कुर्स्क आणि सगळ्यात शेवटी, दणदणीत म्युझिकसह, नॉर्मंडी. सहा वर्षांचं युद्ध साठ सेकंदांत आटोपतं. आपण लाइक ठोकतो आणि पुढे स्क्रोल करतो.

यादी खोटी नाही. ४ जून १९४२ ला मिडवे बेटाजवळच्या लढाईत अमेरिकी विमानांनी जपानच्या चार विमानवाहू नौकांची वाट लावली. या चारही नौका पर्ल हार्बरच्या हल्ल्यात होत्या. समुद्रावरचा जपानचा वरचष्मा तिथून ओसरू लागला. स्टॅलिनग्राडला १९ नोव्हेंबर १९४२ ला सोव्हिएत फौजांनी प्रतिहल्ला सुरू केला आणि चार दिवसांत जर्मनीचं सहावं सैन्य वेढ्यात अडकलं. विमानांनी रसद पोचवतो, असा शब्द गोअरिंगने दिला होता. रोज निदान ३०० टन सामान लागत होतं. सरासरी त्याच्या निम्मंही पोचलं नाही. २ फेब्रुवारी १९४३ ला लढाई संपली तेव्हा सुमारे ९१ हजार जण कैद झाले होते. त्यातले जेमतेम पाच-सहा हजार पुढे घरी परतले.

हे माहीत असायलाच हवं. पण यादी बनवतं कोण, हेही विचारायला हवं. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीत समुद्रातून आणि आकाशातून मिळून सुमारे १ लाख ५६ हजार सैनिक उतरले. त्यावर सिनेमे आले, गेम्स आले, आपल्याला तो किनारा पाठ झाला. त्याच महिन्यात, २२ जूनला, सोव्हिएत सैन्याने बेलारूसमध्ये 'ऑपरेशन बाग्रातियोन' सुरू केलं आणि जर्मनीचा मधल्या आघाडीवरचा अख्खा सैन्यगट मोडून पडला. १७ जुलैला सुमारे ५७ हजार जर्मन कैद्यांना मॉस्कोच्या रस्त्यांवरून चालवत नेलं गेलं. या युद्धात सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं गेली. तरी किती व्हिडिओंमध्ये बाग्रातियोनचं नाव ऐकलंत? ज्याच्याकडे हॉलिवूड, त्याचा टर्निंग पॉइंट मोठा, असा हा हिशेब आहे.

मग आपला हिशेब काय? एकच तारीख घेऊ, १४ एप्रिल १९४४. आपल्यासाठी ही आंबेडकर जयंती. त्या वर्षी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. आणि त्या दिवशी महायुद्ध भारतातच, एकाच वेळी तीन ठिकाणी होतं.

पहिलं ठिकाण कोहिमा. ४ एप्रिलपासून जपानच्या ३१व्या डिव्हिजनने तिथे हल्ला चढवला होता. आत लढू शकणारे दीडेक हजार, बाहेर त्यांच्या कैक पट. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यातल्या टेनिस कोर्टाच्या एका टोकाला एक सैन्य आणि दुसऱ्या टोकाला दुसरं, इतक्या जवळून ही लढाई झाली. जपानी सैनिक साधारण तीन आठवड्यांचं धान्य घेऊन निघाले होते. पुढची रसद आलीच नाही. शेवटी त्यांचे सेनापती सातो यांनी वरिष्ठांचा हुकूम मोडून माघार घेतली. २२ जूनला कोहिमा-इंफाळ रस्ता मोकळा झाला आणि जपानची भारतातली आगेकूच संपली. २०१३ मध्ये लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमने ब्रिटनची सर्वांत मोठी लढाई कोणती यावर मतदान घेतलं, तेव्हा इंफाळ-कोहिमाने वॉटर्लू आणि नॉर्मंडीलाही मागे टाकलं. ही लढाई जिंकणाऱ्या फौजेत मोठा वाटा भारतीय सैनिकांचा होता.

दुसरं ठिकाण मणिपूरमधलं मोइरांग. त्याच १४ एप्रिलला आझाद हिंद सेनेचे कर्नल शौकत मलिक यांनी तिथे तिरंगा फडकवला. आझाद हिंद सेना जपानच्या बाजूने लढत होती. म्हणजे त्या डोंगरांत दोन्ही बाजूंना भारतीय होते.

तिसरं ठिकाण मुंबई. दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाचा स्फोट झाला. जहाजात युद्धासाठी आणलेली स्फोटकं आणि कापसाच्या गाठी एकत्र भरल्या होत्या. शेकडो माणसं गेली, त्यात आग विझवायला धावलेले ६६ अग्निशमन जवान होते. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो त्यांच्यामुळे. युद्धकाळातल्या सेन्सॉरशिपमुळे एवढ्या मोठ्या घटनेची बातमी सुरुवातीला दडवली गेली. पत्रकारिता शिकणाऱ्या माझ्यासारखीला ही गोष्ट सगळ्यात जास्त टोचते. जी बातमी त्या दिवशी छापली गेली नाही, ती पुढे यादीत तरी कशी येणार?

ही तारीख 'टॉप फाइव्ह'मध्ये बसत नाही, कारण तिची गोष्ट सरळ नाही. हिरो कोण आणि व्हिलन कोण, हे साठ सेकंदांत सांगता येत नाही. 'छोडो भारत'नंतर काँग्रेसचे नेते तुरुंगात होते आणि त्याच वेळी सुमारे २५ लाख भारतीय इंग्रजांच्या सैन्यात होते. कोणी पगारासाठी गेलं, कोणी घराण्याची परंपरा म्हणून. १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं उपाशी मेली, त्यामागे युद्धकाळातली धोरणंही होती. त्यांच्यासाठी कुठली लढाई टर्निंग पॉइंट होती?

स्वातंत्र्यानंतर या सैनिकांचं काय करायचं, हे आपल्याला कळलंच नाही. गोऱ्यांसाठी लढले म्हणून अभिमान वाटत नाही आणि आपलेच म्हणून लाजही वाटत नाही. मग सोपा उपाय म्हणजे विसरणं. रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत तिबर नदीच्या खोऱ्यात मारले गेले. सोबतचे सगळे पडल्यावर त्यांनी एकट्याने मशिनगनच्या ठाण्यावर धाव घेतली होती. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय २२, म्हणजे माझ्याएवढंच. माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि मुंबई-गोवा महामार्गावरून आपण कित्येकदा तिथून पुढे निघून जातो.

कोणाची बाजू बरोबर होती, याचा निकाल आज लावा असं माझं म्हणणं नाही. दोन्ही बाजूंच्या माणसांची नावं आणि ठिकाणं तरी आपल्याला माहीत असावीत, एवढंच म्हणणं आहे. शाळेच्या पुस्तकात महायुद्धाच्या धड्यात कोहिमाला एक परिच्छेद मिळायला हरकत नाही. मुंबईच्या मुलांना डॉकच्या स्फोटाबद्दल शाळेतच कळायला हवं. आणि आपल्यासाठी एक साधं काम आहे. पुढचा 'टॉप फाइव्ह' आला की शेअर करण्याआधी कमेंटमध्ये एकच प्रश्न टाकायचा: यात कोहिमा का नाही?