हद्दीचा दगड



नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगठ्याखाली कारीट चिरडले की नरकासुर मेला, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. या असुराची मोठी सोय म्हणजे तो आपल्यातला कोणी नसतो. ‘धर्म आणि अधर्म’ हे यंदाच्या दिवाळी अंकाचे सूत्र ठरल्यावर वेगवेगळ्या परंपरा धुंडाळताना बायबलमधल्या ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथातला दुर्जन भेटला. त्याला ना शिंगे, ना सुळे. त्याच्या थैलीत दोन तऱ्हेची वजने असतात. टंचाईत तो धान्य दाबून ठेवतो. वाडवडिलांनी रोवलेला हद्दीचा दगड सरकवून तो पोरक्या लेकरांच्या शेतात शिरतो. आणि सज्जन कोण, तर जो आपल्या जनावराच्याही जिवाची काळजी वाहतो. बेंगळुरूच्या नगरथपेठेत मूस आणि तराजू सांभाळणाऱ्या आपल्या खानापूर-आटपाडीकडच्या, सोने-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांना हे वेगळे समजावायला नको. टंच खोटा निघाला की पेढीची पत गेली, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

हद्दीचे दगड सरकतात कसे, हे मात्र आपण सगळेच बेंगळुरूकर पाहत आलो. संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव स्टेडियम झाले, धर्मांबुधीच्या जागी मॅजेस्टिकचा बसस्टँड. तो कारभार निदान उघड होता. पुढे तळ्यांचे काठ आक्रसत गेले आणि पाणी वाहून नेणाऱ्या राजकालुव्यांवर इमारती उठल्या. सप्टेंबर २०२२ च्या पावसात बेलंदूर, यमलूर भागात पाणी भरले आणि आयटीतली माणसे ट्रॅक्टरवर बसून कामाला निघाली. ती दृश्ये जगभर पोहोचली. सखल भागातल्या पत्र्याच्या खोल्यांमधले मजूर कॅमेऱ्यात फारसे आले नाहीत. दगड सरकवणारा एक, बुडणारे दुसरेच.

सज्जनाची भरभराट आणि दुर्जनाचा नाश, हे नीतिसूत्रांचे गणित इथे अडते. त्याच परंपरेतल्या ‘ईयोब’ ग्रंथाने ती अडचण झाकलेली नाही. मुले, गुरे, आरोग्य सारे गमावलेला हा निर्दोष माणूस विचारतो, की दुष्ट माणसे म्हातारी होईपर्यंत सुखाने कशी जगतात? समाचाराला आलेले मित्र त्यालाच बजावतात, तुझ्या हातून काही पाप घडले असणार. शेवटी देवाचा कोप होतो तो या धर्म शिकवणाऱ्या मित्रांवर. ‘उपदेशक’ हा तिसरा ग्रंथही सांगतो, की चांगल्याच्या वाट्याला वाईट आणि वाइटाच्या वाट्याला चांगले आलेले आपण पाहिले आहे.

आपल्या मातीतला ईयोब शोधायला दूर जायला नको. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा, कर्नाटकातल्याच गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले. आयुष्यभर दानधर्म, तीर्थयात्रा, पुराणकथन केले. तरी दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण अन्नावाचून गेली. हे कोणत्या पापाचे फळ म्हणायचे? रमाबाई १८८३ मध्ये ख्रिस्ती झाल्या. १८९६-९७ च्या दुष्काळातून त्यांनी शेकडो मुली-बायका वाचवल्या. भुकेलीला ताट वाढण्याआधी तिच्या पूर्वकर्माचा हिशेब मागितला नाही. १९२२ मध्ये निधन होईपर्यंत त्या केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्याच्या कामात गुंतल्या होत्या.

आमचे म्हणणे एवढेच: नीतिवचने तराजू हाती धरणाऱ्यासाठी आहेत. तीच वचने संकटात सापडलेल्याच्या तोंडावर मारली, की त्यांचा अधर्म होतो. आजारी शेजारी, नोकरी गेलेला भाचा, घटस्फोट घेतलेली मैत्रीण यांच्याबाबतीत आपण ईयोबाच्या मित्रांसारखे किती सहज बोलतो! आणि आपल्याच सोसायटीची भिंत राजकालुव्यावर दोन फूट सरकते तेव्हा मात्र गप्प बसतो.

या अंकातल्या कथा, लेख आणि कविता याच प्रश्नाभोवती फिरतात. सगळ्यांचे उत्तर एक नाही आणि तसे असावे असा आमचा आग्रहही नाही.  लक्ष्मीपूजनाला वहीबरोबर आपली वजनेही तपासू या. दुसऱ्याच्या दुःखाचा जमाखर्च मात्र त्याच्याकडे मागायला नको.

शुभ दीपावली!

— संपादक, बेंगळुरू