सडपातळ मधुमेही आणि संगणकातला जमाखर्च

काही दिवसांपूर्वी बाह्यरुग्ण विभागात चाळिशीतला एक हमाल आला. वजन ५२ किलो, पोट सपाट, दिवसभर पोती वाहून घोटलेले अंग. उपाशीपोटी साखर २४०. आधी कुठेतरी त्याच्या हातात छापील पत्रक दिले होते : वजन कमी करा, रोज चाला. तो म्हणाला, ‘‘डॉक्टरसाहेब, अजून किती चालू? आणि वजन कमी करायचं म्हणता, ते कुठून?’’ पत्रकात त्याचे उत्तर नव्हते आणि खरे सांगायचे तर माझ्याकडेही पुरते नव्हते.

भाकरीचा घास पोटात गेल्यापासून त्याची ऊर्जा, चरबी किंवा स्नायू होईपर्यंत शरीरात हजारो रासायनिक क्रिया घडतात. यालाच आपण चयापचय म्हणतो. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी आम्ही त्यातली एकेक साखळी घोकली. पण सगळ्या साखळ्या एकाच वेळी चालू असताना एक कडी तुटली तर काय होईल, हे कोणाच्याही डोक्यात मावत नाही. ते काम संगणकाचे.

अमेरिकेत सॅन डिएगो येथे बर्नहार्ड पॉल्सन यांच्या गटाने २००७ मध्ये मानवी चयापचयाचा असा पहिला व्यापक नकाशा मांडला. २०१८ च्या आवृत्तीत तेरा हजारांहून अधिक क्रिया आहेत. त्यामागचे तत्त्व मात्र घरातल्या जमाखर्चाइतके साधे आहे. पेशीत प्रत्येक पदार्थ जितका तयार होतो तितकाच वापरला जातो, असे गृहीत धरायचे. हजारो खात्यांचा हिशेब एकदम जुळवायचा. मग एक विकर, म्हणजे एन्झाइम, बंद करून पाहायचे : हिशेब कोलमडतो, की पेशी आडवाटेने भागवते?

यातून काय हाती लागते? मूत्रपिंडाच्या एका आनुवंशिक कर्करोगात फ्युमरेट हायड्रेटेज हे विकर निकामी असते. या पेशी जगतात कशा, हे २०११ मध्ये संशोधकांनी मॉडेलला विचारले. उत्तर आले की, हीम तयार करून ते मोडण्याच्या आडवाटेवर त्या तगून आहेत. प्रयोगशाळेत ती वाट अडवली तेव्हा रोगट पेशी मेल्या, विकर शाबूत असलेल्या पेशी तगल्या. आपल्याकडेही बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००५ मध्ये क्षयाच्या जंतूच्या मेणचट आवरणामागच्या २१९ क्रियांचा असाच हिशेब मांडून औषधांसाठी नवी लक्ष्ये सुचवली होती.

मधुमेहात तर मॉडेल जुनेच सोबती आहे. उपाशीपोटीची साखर आणि इन्सुलिन या दोन आकड्यांवरून इन्सुलिनला होणारा विरोध आणि स्वादुपिंडाची ताकद यांचा अंदाज देणारे ‘होमा’ गणित १९८५ चे आहे. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टाइप १ मधुमेहाच्या ३०० आभासी रुग्णांचे एक मॉडेल मान्य केले. इन्सुलिन पंप आपोआप चालवणाऱ्या पद्धतींची प्राथमिक चाचणी प्राण्यांऐवजी त्यावर करता येऊ लागली.

माझा मुद्दा इथूनच सुरू होतो. जमाखर्च कितीही चोख असला, तरी वही कोणाच्या घरची आहे? २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांचे एक छायाचित्र आले होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. शरीरातील चरबी मात्र याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के आणि युडकिन यांच्यात ९.१ टक्के. तराजूला जो फरक दिसला नाही, तो मॉडेललाही आपोआप दिसणार नाही. त्याला तसे आकडे पुरवावे लागतात.

ते आकडे आमच्याकडे आहेत, आणि नाहीतही. सरकारी रुग्णालयाच्या रांगेत रोज उभे राहणारे शरीर हेच या देशाचे खरे शरीर आहे. पण आम्ही केसपेपरवर साखर लिहितो आणि पुढच्या भेटीला रुग्ण नवा केसपेपर काढतो. कंबरेचा घेर, जन्माच्या वेळचे वजन, कामाचा प्रकार, ताटातली डाळ किती, यातले बहुतेक नोंदलेच जात नाही.

‘‘खाटेवर दोन-दोन रुग्ण असताना कसले मॉडेल?’’ असे माझे सहकारी विचारतात. प्रश्न रास्त आहे. मीही महागडा संगणक मागत नाही. दोन गोष्टी मागतो. मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाची एकच, वर्षानुवर्षे टिकणारी नोंद, त्याच्या संमतीने आणि नाव झाकून संशोधकांना मिळावी. आणि सडपातळ मधुमेहींसाठी सी-पेप्टाइडची तपासणी मोफत व्हावी. इन्सुलिन कमी पडते आहे की असूनही लागू पडत नाही, याचा अंदाज त्यावरून येतो आणि दोन्हींचे उपचार वेगळे असतात.

मॉडेलने औषध लिहून द्यावे, असे मी म्हणत नाही. त्याचा हिशेब गृहीतकांवर उभा असतो. पेशीतल्या विकरांचे खरे प्रमाण, हार्मोन्सची चढउतार त्याला सांगितली नाही, तर कळत नाही. तो प्रश्न सुचवतो, उत्तर रुग्णावरच तपासावे लागते. पण ज्यांचे आकडेच वहीत नाहीत, त्यांच्याविषयी तो प्रश्नही सुचवू शकत नाही.

त्या हमालाला मी वजन कमी करायला सांगितले नाही. औषध सुरू केले, डाळ-अंडी वाढवायला सांगितली आणि सी-पेप्टाइडची चिठ्ठी दिली; आमच्याकडे ती तपासणी होत नाही. बाहेर किती पैसे पडतील, असे त्याने विचारले. आकडा ऐकून त्याने चिठ्ठीची घडी घातली आणि खिशात ठेवली. तो रिपोर्ट अजून आलेला नाही.