फडावरच्या तान्ह्याचा हक्क

दसरा-दिवाळी उरकली की आपल्या बीड जिल्ह्यातली बिऱ्हाडे ऊसतोडीच्या वाटेला लागतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळी-कोंबडी आणि आईच्या मांडीवर दोन-तीन महिन्यांचे तान्हे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल आधीच घेतलेली. ती फिटेपर्यंत दोघांनाही फडात उभे राहावेच लागते. बाळंतपणाची रजा इथे कुणाला ठाऊक?

पहाटे अंधारातच तोड सुरू होते. लेकरू बांधावर झोळीत, नाहीतर कोपीवर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या ताब्यात. तिची शाळा तिथेच सुटली! बाळ रडले तरी आईला मोळी टाकून जाता येत नाही, कारण पैसे टनावर; दिवस बुडाला तर ‘खाडा’. पाजले नाही की छाती दाटते, गाठी होतात, ताप भरतो. पाजणे कमी झाले की दूधही आटते. मग ‘बाईला दूधच नाही’ म्हणायचे आणि लेकराला चहा-बिस्किट द्यायचे. खरे तर पहिले सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय बाळाला पाणीसुद्धा लागत नाही.

कायदे झाले नाहीत असे नाही. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने कामावर परतलेल्या आईला, मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत, दिवसातून दोनदा पाजण्याची सुटी दिली. २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची केली, पन्नास कामगारांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे केले. पण फडातली बाई कुणाची कामगार? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे.

२००५ च्या रोजगार हमी कायद्याने यावर सोपा उपाय सांगितला होता. कामावर सहा वर्षांखालची पाच मुले असली, की एका बाईने ती सांभाळायची आणि तिलाही मजुरी मिळायची. तोच नियम टोळीला लावायला काय हरकत आहे? फडाच्या कडेला ताडपत्रीची सावली, पिण्याच्या पाण्याचा ड्रम आणि टोळीतलीच एखादी जाणती बाई. तिची मजुरी कारखान्याने द्यावी. पाजायला गेलेल्या आईचा खाडा धरणार नाही, हे उचल देतानाच मुकादमाने लिहून द्यावे. फडाच्या गावातल्या अंगणवाडीने कोपीवरची लेकरे आपल्या पटावर घ्यावीत.

हंगामात गाळप किती, उतारा किती, याचे आकडे रोज छापून येतात. आपल्या फडांवर अंगावर पिणारी लेकरे किती, हा आकडाही चेअरमनसाहेबांनी एकदा मागवावा.