नांदेड-लातूरला एक गायनवृंद हवा

नांदेड आणि लातूर ही शहरं आज शिकवणी वर्गांमुळे ओळखली जातात. नीटचा निकाल लागला की चौकाचौकांत गुणवंतांचे फलक झळकतात. त्यात आपल्या मोहल्ल्यातली मुलंमुलीही दिसतात, याचा मला आनंदच आहे. पण याच शहरांत बहुतेक मुलं सुरात गायला न शिकताच शाळेतून बाहेर पडतात, याचं कुणालाच काही वाटत नाही. रोज परिपाठात समूहगीत होतं, पण ते सुरात म्हणायला शिकवणारं कुणी नसतं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात शंभरहून अधिक पटाच्या उच्च प्राथमिक शाळेला कलेसाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. तरतूद कागदावर असते आणि गाणं प्रजासत्ताक दिनापुरतं उरतं.

माझं म्हणणं साधं आहे. या दोन शहरांनी मिळून एक गायनवृंद उभा करावा. त्याने नफा कमवायचा नाही, पण गायकांना पगार द्यायचा. कार्यक्रमांतून येणाऱ्या पैशांवर जिल्हा परिषदेच्या आणि उर्दू शाळांत मोफत गाणं शिकवायचं.

हे बाहेरचं खूळ आहे, असं कुणी म्हणेल. पण कव्वालामागे हमनवा असतात, शाहिरामागे झीलकरी आणि भजनात टाळकरी. मिलादला आपण सगळे उभे राहून एका आवाजात सलाम पढतो. लातूरशेजारच्या बार्शीत १९१६ साली जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल पुढे शाहीर अमर शेख झाले. अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक गाजवलं. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ अशाच एकत्र आवाजांवर गावोगाव पोचली.

मग पैसा कुठून आणायचा? खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. ते श्रीमंत नव्हते. जलशांतून जे मिळे, त्यातून गरीब विद्यार्थ्यांचा खर्च भागवत. दुसरं उदाहरण नांदेडातच आहे. हुजूर साहिबला रागी जथे कीर्तन करतात. त्यांच्या पोटापाण्याचा भार समाज उचलतो आणि ऐकणाऱ्याला तिकीट काढावं लागत नाही. गुरू नानकांबरोबर रबाब वाजवणारे भाई मरदाना मुस्लिम घरातले होते, हेही विसरू नये.

आपल्याकडे संगीत विशारद झालेली मुलं आहेत. त्यातली कुणी शिकवण्या करतात, कुणी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गातात, बाकीची दुकानात बसतात. ठरलेला पगार मिळाला तर हीच मुलं उत्तम शिक्षक होतील.

आता आपल्या घरातला प्रश्न. संगीताबद्दल उलेमांमध्ये शतकानुशतकं मतभेद आहेत. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं, चिश्ती सूफींनी समा जोपासला, तर अनेकांनी वाद्यांना हरकत घेतली. तो वाद इथे सुटणार नाही. पण ज्यांची हरकत फक्त वाद्यांना आहे, त्यांनी लक्षात घ्यावं की वृंदगान वाद्याशिवायही होतं. आवाज आणि श्वास पुरेसा असतो.

मला जास्त काळजी मुलींची वाटते. लहानपणी खणखणीत नात पढणारी मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिचा आवाज घरातसुद्धा खाली येतो. तिला कुणी मनाई केलेली नसते, पण गा असंही कुणी म्हणत नाही. सभेत बोलायची, वर्गात प्रश्न विचारायची सवय इथेच मोडते. वृंदात एकटीला पुढे उभं राहावं लागत नाही, दहा जणींच्या आवाजात आपला आवाज मिसळतो. शिक्षिका असेल, मुलींचा वेगळा वृंद असेल, तर पालकही तयार होतील.

सुरुवात मोठी नको. दहा-बारा गायक आणि आठवड्याला चार शाळा पुरेत. कंधारच्या हाजी सय्याह सरवर मखदूम यांच्या किंवा लातूरच्या सुरत शहावलींच्या उर्साला येणारी गर्दी गाण्याची कदर करते. उर्स समित्या, गणेश मंडळं, महाविद्यालयं यांनी आपल्या कार्यक्रमांच्या खर्चातला थोडा हिस्सा दरवर्षी बाजूला काढला तरी पहिल्या वर्षाचे पगार निघतील. पुढच्या वर्षी त्याच मंचांवर आपल्याच शाळांतली मुलं गातील.